काळी एकच्या खाली

दुकानदारानं तो काळा, चपटा कीबोर्ड माझ्या मांडीवर ठेवला आणि कौतुकानं म्हणाला, "ताई, यात पट्टी बदलायचं बटण आहे. एकदा दाबलं की सूर अर्धा खाली, परत दाबलं की आणखी अर्धा."

मी म्हटलं, "मला तेच नकोय. ते बटण नसलेला दाखवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या जळगावातल्या त्या दुकानात आजवर लोक जास्त बटणं मागायला आले असतील, कमी मागायला मीच पहिली. "ताई, बटण नसलेला येतच नाही हो. लहानात लहान घ्या, त्यातही असतंच."

"का? सक्ती आहे का?"

शेजारी उभे असलेले माझे यजमान छताच्या पंख्याकडे बघायला लागले. माझा आवाज असा तापला की ते नेहमी पंखा बघतात. घरातले सगळे पंखे त्यांना पाठ आहेत.

दुकानदाराची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याला काय सांगू? सांगायचं तर गळ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

त्याआधीच्या थंडीत माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी डॉक्टरांना विचारलं, "आणि गाणं?" ते म्हणाले, वरच्या सुरांची एक बारीक नस तिथूनच जाते, ती दुखावली असू शकते. काही महिन्यांत सूर परत येतील, किंवा येणारही नाहीत. बोलायचा आवाज लवकर आला. भांडायचा तर गेलाच नव्हता, असं आमच्याकडे म्हणतात. पण गायला बसले की खालचा भाग ठीक, मधला ठीक, आणि वर चढायला लागलं की नुसती हवा. नळाला पाणी यायच्या आधी येते ना, तशी फुसफुस.

आणि वैशाखात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं.

माझं माहेर शिंदखेड्याजवळचं. आमच्या भावकीत हळदीचं पहिलं गाणं नवरीच्या फुईनं उचलायचं असतं. फुई म्हणजे बापाची बहीण, जळगाव-पुण्याकडे जिला आत्या म्हणतात ती. ती सूर धरते, मग हळद लागते. तिनं तोंड उघडल्याशिवाय वाटीत बोट बुडवत नाहीत. माझ्या हळदीत माझ्या फुईनं उचललं होतं. आता ह्या पोरीची फुई मी. आणि माझं गाणं म्हणजे काळी एक. पेटीवरची ती पहिली काळी की माझा षड्ज. बायांच्या मानानं फार उंच पट्टी. गावातल्या दुसऱ्या कुणाला ती लागायची नाही, आणि मी गायला लागले की मांडव कसा चिडीचूप व्हायचा. हा माझा माहेरचा मान होता. सोन्यानाण्याचा नव्हता, गळ्याचा होता, म्हणून मला तो जास्त प्यारा होता. ऑपरेशन झालं एवढं माहेरी ठाऊक होतं. वरचा आवाज गेलाय हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

यजमानांनी एकदा जेवताना सुचवलं, "अगं, दोन-तीन सूर खाली घे की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय!" मी म्हटलं. "आणि तुम्हाला काय कळणार? तुमच्या केळीच्या पट्ट्यात गातात का कुणी?"

त्यांचं गाव रावेरकडचं. डाळ मिलमध्ये मशीन सांभाळतात, बोलतात कमी. ते वरणात भात कालवत राहिले. माझ्याकडून दुसऱ्या दिवशीच्या भाजीत मीठ टाकायचं राहिलं. मुद्दाम नव्हे, पण वाईटही वाटलं नाही.

पेटीवर खाली उतरणं मला जमणारही नव्हतं. फुईनं लहानपणी मला पेटी शिकवली तीच काळी एकवर, तीन-चार ठरलेली गाणी, बस. दुसरीकडून वाजवायला गेले की बोटं अडखळतात. शिवाय डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेली, आणि पेटी घेऊन एसटीनं धुळे, धुळ्याहून शिंदखेडा, कोण जाणार? तेव्हा कीबोर्ड घ्यायचाच होता. मी मोबाइलवर गाणी करते, डोहाळजेवणाची, बारशाची, हळदीची, कुणी मागितलं तर आपल्या बोलीत शब्द बसवून. फोनच्या काचेवर बोटं आपटून आपटून कंटाळले होते. बिनतारी, हलका, पिशवीत मावणारा, फोनला आपला आपण जोडला जाणारा, एवढंच मला हवं होतं. आणि ते बटण तेवढं नको होतं. कारण बटण असलं की हे रोज म्हणणार, दाब ना. आणि खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटत होती.

दुकानदारानं तीन काढले. पहिला पेटीसारख्या रुंद कीजचा, हाताला छान, पण लांबलचक. तो घेऊन एसटीत चढले असते तर कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं असतं. दुसरा मधला. त्याला छोटा पडदा होता. दुकानदारानं पट्टी एक घर खाली केली आणि पडद्यावर लगेच वजा एक असा ठळक आकडा उजळला. मी तो तसाच त्याच्या हातात परत दिला. बाई किती खाली उतरली ते त्याच्या कपाळावरच लिहून येत होतं! तिसरा सगळ्यात लहान, पंचवीस बारक्या कीजचा, पडदा नाही, काही नाही. आणि त्यात पट्टी बदलायची तर डाव्या कोपऱ्यातली दोन बटणं एकदम दाबून धरून मग एक की दाबावी लागे.

"हे कुणी उगाच करणार नाही," मी म्हटलं.

"चुकून होत नाही," दुकानदार म्हणाला. "मुद्दामच करावं लागतं."

वाजवून पाहिला. कीज इतक्या अरुंद की सुरुवातीला एका बोटाखाली दोन-दोन दबत होत्या. हळू दाबलं की आवाज बारीक, जोरात दाबलं की मोठा. पेटीत असं नसतं, तिथे भाता बोलतो. त्यानं फोनमध्ये काहीतरी करून सगळ्या कीजचा आवाज सारखा करून दिला. त्याच्या मोठ्या स्पीकरमधून पेटीचा सूर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दिवसांनी माझी काळी एक, आणि तीही चारचौघांत. मी तोंड उघडणार होते, पण उघडलं नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"हाच द्या," मी म्हटलं.

बाहेर स्कूटरला किल्ली लावताना हे म्हणाले, "दोन बटणं एकदम दाबावी लागतात म्हणून घेतलास ना?"

"लहान आहे म्हणून घेतला."

"बरं," ते म्हणाले. ह्या माणसाच्या 'बरं'वर मी आयुष्यभर चिडत आले आहे.

जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या घरात मग रोज दुपारी माझी परीक्षा सुरू झाली. दार लावून, कूलर बंद करून बसायचं, कारण कूलरच्या घरघरीत सूर ऐकू येत नाही. उन्हाळा भाजून काढत होता. घाम गळ्याच्या खुणेवरून ओघळायचा. कीबोर्ड मात्र गुणी निघाला. मांडीवर बसायचा, फोन तिकडे खिडकीत, मध्ये तार नाही की भाता नाही. दोन्ही हात मोकळे. आठवडाभरात बोटं त्या अरुंद कीजना सरावली, गाणं पेटीवर वाजायचं तसं वाजायला लागलं. गळा मात्र तिथेच. ह्या गाण्यात प्रत्येक कडव्यात नवरीच्या आईचं नाव येतं आणि त्या नावावर सूर एकदम उंच चढतो. मी चढायची आणि वर पोचले की हवा. पुन्हा. हवा. कधी एखाद्या दिवशी धागा लागायचा, मी जीव मुठीत धरून तो लांबवायची आणि तो मध्येच तुटायचा. मग मी रडायची नाही. भांडी घासायची, आणि शेजारच्या काकू विचारायच्या, एवढी आपटाआपटी कशाची चाललीय.

एकदा रविवारी मी अशीच अडकले होते आणि हे मागून आले. काही न बोलता वाकले आणि त्यांचं बोट त्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं. मी त्यांच्या हातावर फटकन मारलं.

"हात लावाल तर याद राखा!"

"अगं, पण लागेल तरी गाणं."

"ते माझं गाणं नसेल."

ह्यांनी हात मागे घेतला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "तू नवरीसाठी गाणार आहेस की स्वतःसाठी?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहा समोर ठेवायची, डबा भरायची, तोंडाला कुलूप. तो प्रश्न नेमका वर्मी लागला म्हणून मी इतकी चिडले होते, पण हे मी तेव्हा कुणाला कबूल करणार होते!

लग्नाला निघालो ती दुपारची एसटी होती. पारोळ्यापर्यंत खिडकीतून गरम वारा तोंडावर. कीबोर्ड मांडीवर पिशवीत होता. मी पिशवीतच हात घालून बोटं फिरवत होते. आवाज नाही, काही नाही, नुसती बोटं. बोटांना सगळं येत होतं. शेजारची बाई मी पिशवीत काय शोधतेय म्हणून सारखी वाकून बघत होती.

धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या-बसल्या मी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "मी सांगते की घसा बसलाय. वहिनी उचलेल गाणं."

"सांग," हे म्हणाले.

"सांग म्हणजे? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण तू सांग. तुझा घसा आहे."

समजूत घातली असती तर मी भांडले असते. त्यांनी घातलीच नाही, तर भांडायलाही जागा उरली नाही. मी गाडी येईपर्यंत रसवंतीच्या घुंगरांकडे बघत बसले.

माहेरी पोचल्यावर जो तो आधी माझ्या गळ्याकडे बघत होता. मी पदर असा घेतला होता की खूण दिसू नये. माझी फुई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, ओट्यावर खुर्चीत बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही. तिनं माझा हात धरला, चेहरा चाचपला, आणि पहिला प्रश्न विचारला, "आवाज कसा शे?"

"बेस शे," मी म्हटलं, छान आहे म्हणून.

"काळी एकच ना?"

"हो अक्का. काळी एकच."

खोटं बोलले आणि घरात निघून गेले. वहिनी सांगत होती की मांडवातल्या बाया सकाळपासून विचारताहेत, फुई कधी येणार, फुई कधी येणार. घसा बसलाय हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते तिथेच राहिलं. अक्काला हो म्हटल्यावर आता कुठल्या तोंडानं बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. मांडवात बाया दाटीवाटीनं बसलेल्या, लेकरं मधून पळताहेत, पाटावर पिवळी साडी नेसलेली आमची पोर. भावानं हौसेनं चाकांचा मोठा स्पीकर आणला होता, तोही बिनतारी. "ताई, तुझा कीबोर्ड बिनतारी, माझा स्पीकर बिनतारी. कशाला वायरी पायात?" त्यानं माझा फोन स्पीकरला जोडून दिला. मी मध्यभागी बसले, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि षड्ज दाबला.

काहीच नाही. मग, बोट उचलल्यावर, सूर आला.

पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. बोट आधी, सूर मागून रमतगमत. चार सूर वाजवले तर पहिल्याचा आवाज येईस्तोवर मी तिसऱ्यावर होते. बायांमध्ये खसखस पिकली. "फुई, तुनी पेटी दमनी का?" कुणीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. माझे कान तापले. घरी मी फोनच्याच आवाजावर बसत होते, दुकानात स्पीकर तारेनं जोडलेला होता. बिनतारी स्पीकरवर सूर उशिरा पोचतो, हा घोळ आमच्या लक्षातच आला नव्हता. यजमान उठले. मंडपवाल्याकडून तार आणली, खिशातून फोनला लावायचा लहान जोड काढला. तो त्यांनी कधी घेऊन ठेवला होता कोण जाणे. फोन खांबाजवळ, तार स्पीकरला, कीबोर्ड माझ्याकडे मोकळा. षड्ज दाबला, सूर ताबडतोब आला. बाया वा म्हणाल्या. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि पेटीऐवजी मांडवभर माझ्याच फोनची रिंग दणाणली. पुन्हा हसाहशी. ह्यांनी फोन बाहेरच्या सगळ्या जगापासून तोडला, कीबोर्ड तेवढा परत जोडला, आणि मला मानेनं खूण केली.

आता काही कारण उरलं नव्हतं. स्पीकर चालू, फोन चालू, हळदीची वाटी तयार. "फुई, उचल ना!" पाटावरून पोरगी म्हणाली. तिच्या कपाळाला घाम आला होता. वहिनी वाटी घेऊन उभी होती, तिचं बोट हळदीच्या वर थांबलेलं.

मी खाली मान घालून, कीज बघतेय असं दाखवून, ओठ न हलवता वरचा सूर चाचपला. हवा.

मला स्पष्ट दिसलं काय होणार ते. आईच्या नावावर माझा आवाज फाटणार, पोरीच्या हळदीत, तिच्या आईच्या नावावर. बाया एकमेकींकडे बघणार. अक्का खुर्चीत मान वर करणार. आणि नंतर घरोघरी, अरेरे, काय गळा होता तिचा. ते अरेरे मला सहन झालं नसतं. मेले असते त्यापेक्षा.

माझं डावं बोट आणि अंगठा कोपऱ्यात गेले. दोन बटणं एकदम दाबून धरली, उजव्या हातानं ती एक की दाबली. एक घर खाली. आणखी एक. आणखी एक. कुठे काही उजळलं नाही, आकडा आला नाही. कीज तशाच, बोटं त्याच जागी. मांडवात कुणालाही काही दिसलं नाही.

पहिला सूर दाबला तेव्हा खांबाजवळ यांची मान वर झाली. सूर खाली सरकल्याचं त्यांच्या समोरच्या फोनवर दिसलं असणार. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पहिलं कडवं मी एकटीनं म्हटलं. आईचं नाव आलं, सूर चढला, आणि गळा अख्खाच्या अख्खा वर गेला. फाटला नाही, हवा नाही. वहिनीचं बोट हळदीत बुडलं, पोरीच्या गालाला लागलं. मला सुटल्यासारखं झालं आणि त्याच वेळी स्वतःची किळस आली. मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चोरी करून बसले होते, आणि चोरी पचलीही होती.

दुसऱ्या कडव्यात मागून एक आवाज आला. कुणीतरी माझ्याबरोबर म्हणत होतं. असं कधी होत नसे. मला वाटलं, कळलं हिला. सांभाळून घ्यायला धावलीय. माझा तोल गेला. मी आवाज वाढवला, की बाई गं, मला टेकू नकोय. तर डावीकडून आणखी दोघी आल्या. मग पुढच्या रांगेतली चुलतवहिनी. मग कोण कोण ते कळेनासं झालं. मी आणखी जोर लावला, त्याही लावत गेल्या. आईच्या नावावर सूर चढला तेव्हा सगळा मांडव चढला. लेकरं पळायची थांबली. पाटावरची पोरगी रडायला लागली, हसत हसत, नाकाला हळद लागलेली. तिसऱ्या कडव्यात मला माझा स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

गाणं संपलं. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते, माझा श्वास चढला होता. आता कुणीतरी विचारणार, गळ्याला काय झालं. मी उत्तराची तयारी करत होते.

वहिनी हळदीचेच हात घेऊन आली आणि तिनं माझे गाल धरले. धुळ्याची आहे ती, शहरातली, एरवी मोजून बोलते. तिचे डोळे भरले होते. "ताई," ती म्हणाली, "आज तुम्ही आम्हाला पण म्हणू दिलंत."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"अहो, तुमच्या पट्टीला आमचा गळा कुठे पोचतो? लग्न होऊन आल्यापासून मला हे गाणं पाठ आहे. कधी म्हणताच आलं नाही. गप्प बसायचं नि ऐकायचं."

मागून अक्काचा आवाज आला, खुर्चीतून, खणखणीत. "आज बठ्ठास्ना आवाज उना!" आज सगळ्यांचा आवाज आला. ती खूष होती. तिनं पट्टी ओळखली होती का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते धादांत खोटं होईल. मला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्याला मान समजत होते, तो मांडव गप्प बसायचा तो ह्यामुळे? त्या ऐकत नव्हत्या, त्यांना गाताच येत नव्हतं? प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीत मी डोळे मिटून वर चढत गेले आणि ह्या सगळ्या तोंड मिटून, पाठ असलेलं गाणं आत दाबून बसल्या. कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलणार कसं, मी फुई, आणि वरून माझा स्वभाव हा असा!

तेवढ्यात माझ्या परवानगीची वाट न बघता वहिनीनंच पुढचं गाणं उचललं, त्याच खालच्या पट्टीत. बायांनी लगेच झेललं. मी तिथेच मध्ये बसलेली, कीबोर्ड मांडीवर. आणि माझा डावा हात पुन्हा त्या कोपऱ्याकडे गेला. हो, गेला. तीन घरं वर न्यायची, एक मोठा सूर दाबायचा, स्पीकर माझ्याच हातात आहे. सगळ्यांची तोंडं एका क्षणात बंद झाली असती. मला तसं करावंसं वाटलं. मनापासून वाटलं. खांबाजवळून हे माझ्या हाताकडे बघत होते, आणि या वेळी ते पंख्याकडे बघत नव्हते.

मी हात काढून घेतला. कीबोर्ड बाजूला, सतरंजीवर ठेवला. चुलतवहिनीनं सरकून मला जागा दिली, तशी मी मागे सरकले आणि बायांच्या रांगेत बसले. वहिनी ओळ म्हणायची, आम्ही मागून म्हणायचो. माझा आवाज त्यात कुठे आहे ते मी शोधत होते. तो सापडत नव्हता, आणि गाणं जोरात चाललं होतं.